पहाटे तीन वाजताची गादी

अमेरिकेत राहणाऱ्या कुठल्याही मराठी मित्राला जून-जुलैमध्ये फोन लावून बघा. हमखास एकच उत्तर मिळतं, ‘अरे, सध्या आई-बाबा आलेत ना!’ दोन मोठ्या बॅगा भरून भाजणी, मेतकूट आणि लोणचं आलेलं असतं. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं आणि मग टूम निघते यलोस्टोनची. तिथल्या हॉटेलच्या खोल्या कित्येक महिने आधीच बुक झालेल्या असतात. शिवाय आईला सकाळचा चहा स्वतःच्या हातचाच लागतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘ट्रॅव्हल ट्रेलर घेऊ या भाड्याने!’

ट्रेलर म्हणजे सिनेमाचा नव्हे हं! गाडीच्या मागे हुक लावून ओढायचं चाकांवरचं घर. किचन, बाथरूम, बेड, सगळं त्या एका डब्यात. अमेरिकेत याची क्रेझ जुनी आहे. ते चकाचक चंदेरी ट्रेलर बनवणारी एअरस्ट्रीम कंपनी सुरू झाली १९३१मध्ये. इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव तर या धंद्याची राजधानीच समजली जातं. तिथे या चाकांवरच्या घरांचं म्युझियमसुद्धा आहे, बोला!

या घरांचा फंडा एकच, प्रत्येक वस्तूने दोन कामं करायची. जेवायचं टेबल खाली केलं की बेड. बाकाचं झाकण उघडलं की कपाट. आणि सोफा ओढला की सोफा-कम-बेड. आत एक स्टीलची चौकट आणि तिच्यावर पसरायची हवेची गादी. दिवसा घडी, रात्री पंप. ब्रोशरमध्ये या सोफ्यावर एक हसरं जोडपं कॉफी पीत बसलेलं असतं. पहाटे तीन वाजता त्याच सोफ्यावर काय चालतं, त्याचा फोटो मात्र कुणी छापत नाही.

‘मला चालतं’ नावाचा आजार

माझी एक मैत्रीण डेन्व्हरला असते. तिने आई-बाबांसाठी असाच ट्रेलर घेतला आणि चौघं यलोस्टोनला निघाले. मुक्काम फिशिंग ब्रिजला. या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर, म्हणून तिथल्या कॅम्पग्राउंडमध्ये तंबूला परवानगीच नाही. पक्क्या भिंतींची गाडी हवी. म्हणजे ट्रेलर एकदम परफेक्ट!

ट्रेलरमधला मोठा बेड अर्थातच आई-बाबांना दिला. पण या बेडला तीन बाजूंनी भिंत असते. आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडूनच उतरावं लागतं. काकूंना रात्री दोनदा उठावं लागतं. त्यामुळे काका पहिल्याच रात्री सोफ्यावर शिफ्ट झाले. ‘मला इथेच बरं वाटतं,’ म्हणाले. मैत्रीण आणि तिचा नवरा टेबलाचा बेड करून झोपले.

दोन दिवस सगळं झकास. गरम पाण्याची कारंजी झाली, गवे झाले, फोटो झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी लेकीला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘अगं, ह्यांना दोन रात्री झोप नाही. ती गादी पहाटेपर्यंत चपटी होते. खालचा दांडा कमरेत रुततो. तुम्ही उठायच्या आत घडी करून ठेवतात.’

सदुसष्ट वर्षांचा माणूस, त्यात गुडघे कुरकुरणारे. मैत्रीण चिडलीच. ‘बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?’

‘अगं, तुम्ही दिवसभर गाडी चालवता. तुमची झोपमोड कशाला? मला चालतं.’

मंडळी, हे ‘मला चालतं’ आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. आणि गळक्या गादीचा खरा प्रॉब्लेमही हाच आहे. ती एकदम फुटत नाही. ती हळूहळू बसते. त्यामुळे कुणी तिची तक्रार करत नाही. झोपणारा झोपायच्या आधी चार पंप जास्त मारतो, पहाटे उठून आणखी चार मारतो आणि सकाळी विचारलं की म्हणतो, ‘ठीक झाली झोप.’ त्यात कॅम्पग्राउंडमध्ये रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. इलेक्ट्रिक पंपाची घरघर म्हणजे शेजारच्या चार ट्रेलरना अलार्म! म्हणून माणूस तसाच पडून राहतो.

पण बॉस, पंप मारत राहणं म्हणजे रिपेअरिंग नव्हे. गळती शोधायला लागतो एखादा तास, ठिगळ लावायला दहा मिनिटं आणि वाट बघायला एक दिवस. कसं करायचं ते बघू या.

आधी बघा, गळतंय का?

आता हसू नका, पण मऊ पडलेली प्रत्येक गादी गळकी नसते. थंडीत हवा आकसते, हे शाळेत शिकलोय आपण. संध्याकाळी २४ अंशांना टम्म फुगवलेल्या गादीतली हवा पहाटे ४ अंशांवर आली, तर तिचं आकारमान साधारण सात टक्क्यांनी कमी होतं. गादीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा मुळात जरासाच जास्त असतो. त्यामुळे सात टक्के म्हणजे टणक गादीची लिबलिबीत गादी. यलोस्टोनला ऐन उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो. त्यात दुपारच्या उन्हात तापलेल्या बंद ट्रेलरमध्ये गादी फुगवली असेल, तर फरक आणखी मोठा.

दुसरी भानगड उंचीची. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, फिशिंग ब्रिज साडेसात हजार फुटांच्याही वर. वर चढलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि गादीतली हवा पसरते. खाली उतरलं की उलट. म्हणून फुगवलेली गादी घेऊन घाट चढायचा नाही, शिवण उसवू शकते. आणि वर भरलेली गादी खाली आल्यावर मऊ लागली, तर लगेच भोकाच्या नावाने ओरडायचं नाही.

तिसरं कारण गादीचा नवेपणा. प्लॅस्टिक पहिल्या दोन-चार वेळा थोडं ताणतं. नव्या गादीला एवढी सूट द्यायलाच हवी.

मग खरी टेस्ट कोणती? सकाळी, सावलीत, गादी नीट फुगवा आणि तापमान फारसं बदलणार नाही अशा जागी चार-पाच तास ठेवा. वर उशा-पांघरुणं टाका, थोडं वजन हवंच. तरीही बसली, तर मात्र गळतंय. नक्की.

पहिला संशयित, बूच

भोक शोधायच्या आधी व्हॉल्व्ह बघा. वाळूचा एखादा कण, केस, लोकरीचा धागा बुचाच्या कडेला अडकला तरी रात्रभर हवा जात राहते. बूच काढा, कानातल्या बडने आतली कड पुसा, रबरी वॉशर चिरलाय का बघा, बूच सरळ बसवा. अनेकदा पिक्चर इथेच संपतो आणि ठिगळाचा खर्चही वाचतो.

गादीत पंप बसवलेला असेल, तर पंपाच्या चौकटीभोवतीचा जोड तपासा. तिथला जोड सुटला असेल तर ठिगळ नीट बसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पंक्चरवाल्याचा फंडा

बूच ठीक आहे? मग आपल्या नाक्यावरच्या सायकलवाल्याची आठवण काढा. ट्यूब फुगवायची, पाण्याच्या घमेल्यात फिरवायची आणि बुडबुडे आले की तिथे खूण. अख्खी शास्त्रशुद्ध पद्धत आहे ती! मैत्रिणीच्या बाबांनी आयुष्यभर स्वतःच्या सायकलचं पंक्चर स्वतः काढलेलं. गादीची चर्चा सुरू झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘घमेलं कुठाय?’

दुहेरी गादी मावेल एवढं घमेलं कुठल्याच ट्रेलरमध्ये नसतं. म्हणून पाणी गादीकडे न्यायचं. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड. गादी चौकटीवरून काढून बाहेरच्या टेबलावर ठेवायची. अमेरिकेतल्या कॅम्पसाइटवर बहुधा लाकडी टेबल असतंच. गादी टणक फुगवून हातभर हातभर भाग भिजवत जायचं. छोट्या भोकातून एकदम फुगा येत नाही. बारीक फेस साचत जातो, साबणाच्या पांढऱ्या ठिपक्यासारखा. म्हणून घाई नको. प्रत्येक भाग अर्धा मिनिट तरी बघा.

सुरुवात वरून करू नका, खालून करा. सोफा-कम-बेडच्या गादीला मार बसतो तो खालच्या बाजूने, जिथे स्टीलचे दांडे आणि स्प्रिंगा लागतात तिथे. त्यानंतर घडीच्या रेषा. रोज एकाच जागी दुमडलेलं प्लॅस्टिक तिथेच थकतं. मग कडेचे जोड, आणि सगळ्यात शेवटी वरची मखमली बाजू. तिथे बुडबुडे केसाळ थरात हरवतात, म्हणून ओला हात किंवा गाल जवळ नेऊन गार झुळूक लागते का बघा.

भोक सापडलं? जागा पुसा आणि मार्करने भोवती गोल करा. आणि प्लीज, एक सापडलं म्हणून थांबू नका! सगळी गादी पुरी करा. दांड्याने एका जागी टोचलं असेल, तर शेजारी दुसरंही असू शकतं.

काकांनी तासाभरात शोधलं. खालच्या बाजूला, बरोबर घडीच्या रेषेवर, टाचणीच्या टोकाएवढं. एवढ्याशा भोकाने दोन रात्री खाल्ल्या होत्या.

फेवीक्विकला हात लावू नका

आता आपला राष्ट्रीय स्वभाव उफाळून येतो, ‘घरात काय आहे ते लावू.’ थांबा. फेवीक्विकसारखा झटपट गोंद वाळल्यावर कडक होतो. गादी रोज दुमडते, त्यामुळे तो तडकतो. एम-सीलचं तेच. पाइप जोडायचं सोल्युशन कडक पाइपांसाठी असतं. सायकलचं पंक्चर किट रबरासाठी असतं. हवेच्या गाद्या बहुतेक पीव्हीसीच्या, म्हणजे व्हिनाईलच्या, त्यामुळे रबराचा पॅच त्यावर नीट धरत नाही. चिकटपट्टी एका रात्रीपुरती. आतली हवा तिच्या कडेतून हळूच वाट काढतेच.

हवं ते व्हिनाईलचं पॅच किट. अमेरिकेत कॅम्पिंगचं सामान मिळतं तिथे मिळतं, स्विमिंग पूलच्या सामानातही असतं. त्यातला गोंद व्हिनाईलचा वरचा थर किंचित विरघळवतो आणि ठिगळ गादीत एकजीव होतं. ही जादू व्हायची तर तीन अटी आहेत.

एक, जागा स्वच्छ. साबण धुऊन टाका, वाळवा आणि मग रबिंग अल्कोहोलने पुसा. बोटांचं तेल आणि साबणाचा अंश राहिला तर ठिगळ काठाने उचकटतं.

दोन, जागा गुळगुळीत. भोक मखमली बाजूला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तो केसाळ थर हलक्या हाताने काढा. नाहीतर गोंद केसांना चिकटतो, गादीला नाही.

तीन, हवा पूर्ण काढलेली. फुगलेल्या गादीवर ठिगळ लावलं तर आतली हवा ओल्या गोंदातून बाहेर येते आणि नवं भोक तयार ठेवते.

ठिगळ गोल कापा. चौकोनाचे कोपरे आधी सुटतात. भोकाच्या चारी बाजूंनी किमान इंचभर जास्त घ्या. गोंद लावा, ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवा म्हणजे खाली हवा राहत नाही. वर प्लॅस्टिकचा कागद ठेवा आणि त्यावर पाण्याचा भरलेला कॅन.

आणि एक गोष्ट सीरियसली घ्या. या गोंदाची वाफ पेटते आणि डोकंही दुखवते. ट्रेलर म्हणजे बंद डबा. त्यात गॅसची शेगडी, काही ट्रेलरमध्ये तर फ्रिज आणि गीझरही प्रोपेनच्या ज्योतीवर चालतात. म्हणून हे काम बाहेर, सावलीत, मोकळ्या हवेतच.

चोवीस तासांचा उपास

इथे भले भले घसरतात. ठिगळ लावलं, हाताला चिकट लागत नाही, चला फुगवू या! नाही. गोंद वरून वाळतो, आत ओला असतो. पाकिटावर लिहिलेली वेळ पाळा आणि जमलं तर चोवीस तास द्या. थंड हवेत तर जास्तच.

म्हणजे ती एक रात्र गादीशिवाय काढावी लागते. ती कुणी काढायची, हे सकाळीच ठरवून टाका, नाहीतर रात्री पुन्हा कुणीतरी ‘मला चालतं’ म्हणतं. मैत्रिणीकडे तिच्या नवऱ्याने मधल्या जागेत दोन योगा मॅट आणि रजई टाकली आणि सासऱ्यांना टेबलाच्या बेडवर पाठवलं. काका ऐकेनात. शेवटी काकू म्हणाल्या, ‘अहो, झोपा गुपचूप,’ आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गादी अर्धीच फुगवली, ठिगळावर साबणाचं पाणी मारलं. फेस नाही. मग पूर्ण फुगवली. रात्री काका झोपले ते सकाळी सातला उठले. डेन्व्हरला परतेपर्यंत गादीला पुन्हा पंप लागला तो थंडीने आकसलेल्या हवेपुरता.

कधी सोडून द्यायचं?

सगळ्याच गाद्या वाचत नाहीत. गादीच्या मधोमध भला मोठा टेंगूळ आला असेल, तर आतला पडदा तुटलाय. त्याला बाहेरून ठिगळ नाही. कडेची शिवण हातभर सुटली असेल, तर एक टोक चिकटवलं की दुसरं उघडतं. प्लॅस्टिक कडक होऊन ठिकठिकाणी चिरा पडल्या असतील, तर तिचं वय झालं. आणि तिसरं ठिगळ लावायची वेळ आली तर सरळ फोमची गादी आणा. चौकटीचं माप घ्यायला विसरू नका, आणि सोफा बंद होईल एवढीच जाडी घ्या.

ट्रेलर भाड्याचा असेल, तर ठिगळ लावायच्या आधी मालकाला फोन करा, फोटो पाठवा. दुसऱ्याच्या वस्तूवर गोंद लावून नंतर डिपॉझिटवरून वाद घालण्यापेक्षा ते बरं. कधी कधी तो दुसरी गादीच देतो.

आणि गादी चांगली आहे तोवर तिला जपा. चौकट आणि गादीच्या मध्ये एक जाड चादर, शक्य असेल तर आजीची गोधडी. घडी करण्याआधी हवा पूर्ण काढायची, अर्धवट फुगलेली गादी सोफ्यात कोंबायची नाही. गादी अगदी दगडासारखी फुगवायची नाही. आणि थंडीत गादीच्या वरही एक जाड रजई अंथरायची, कारण आतली गार हवा खालून पाठीतली ऊब पळवते. ऊब हवी म्हणून ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी पेटवून ठेवायची तर अजिबातच नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

आपल्याकडचं काय?

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे यलोस्टोनला जायचंय! बरोबर. पण महाराष्ट्रानेही २०२१मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, आणि पवनेच्या काठावर तंबूतली रात्र तर आपल्यातल्या अनेकांनी काढली आहे. ते सोडा. हिंजवडी किंवा ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये कपाटाच्या वरच्या खणात घडी केलेली एक एअरबेड आहे ना? गावाहून आई-बाबा आले की आपण त्यांना आपला बेड देतो, आणि ते रात्री अकरा वाजता हटकून म्हणतात, ‘तुम्हाला सकाळी ऑफिस आहे. आम्ही झोपतो खाली.’

त्या एअरबेडला शेवटचं फुगवून किती महिने झाले?

तर या शनिवारी एक काम करा. तिला खाली काढा, फुगवा, हॉलमध्ये पसरा आणि रात्री स्वतः तिच्यावर झोपा. रविवारी सकाळी पाठीला फरशी लागली, तर स्प्रेची बाटली तुमच्या ओट्यावर आहेच. ठिगळ वाळायला अख्खा रविवार मिळेल. दिवाळीला पाहुणे येतील तेव्हा त्यांना ‘झोप लागली का?’ विचारायची वेळच येऊ नये. कारण तुम्हाला माहितीये, त्यांचं उत्तर काय असणार ते!